जुना पाट काय शिकवतो?

आजी-आजोबांचे घर आवरायची वेळ येते तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेला लाकडी पाट बहुधा सर्वांत आधी बाहेर जातो. त्यावर आता कोणी बसत नाही. ही फळी कशासाठी होती हे नातवंडांना ठाऊक नसते. फर्निचरची रचना शिकवणाऱ्या जाणत्या शिक्षकाच्या हाती मात्र असा पाट लागला, तर तो फेकून देणार नाही. तो विद्यार्थ्यापुढे ठेवील आणि हातात मोजपट्टी देईल.

ही पद्धत रुजवणाऱ्यांत डेन्मार्कचे कोरे क्लिंट यांचे नाव मोठे आहे. १९२४ साली कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचरचा विभाग सुरू झाला आणि क्लिंट तेथे शिकवू लागले. त्या काळी अनेक कलावंत जुने सारे टाकून नव्याने सुरुवात करा असे म्हणत होते. क्लिंट विद्यार्थ्यांना जुन्या खुर्च्या मोजायला लावत. बैठक किती उंच, पाठ किती कललेली, सांधा कसा बसवला, हे सारे कागदावर उतरवायचे. कपाट करायचे तर आधी त्यात ठेवायच्या बश्या आणि कपडे मोजायचे. जुन्या सुताराने जो प्रश्न सोडवला, तो समजून घेतल्याशिवाय नवा सोडवता येत नाही, असा यामागचा विचार होता.

याचे एक उदाहरण भारताशी जोडलेले आहे. ब्रिटिश अमदानीत लष्करी छावण्यांत एक घडीची खुर्ची वापरत. उत्तर भारतातील रुरकी गावावरून तिला रुरकी खुर्ची म्हणत. तिचे आडवे दांडे पायांच्या भोकांत नुसते खोचलेले असतात. तेथे ना डिंक, ना खिळा. बैठक कॅनव्हासची. माणूस बसला की त्याच्या वजनानेच सांधे घट्ट होतात. जमीन खडबडीत असली तरी चारही पाय टेकतात. निघताना सुटे भाग गुंडाळून घ्यायचे. १९३३ साली क्लिंट यांनी याच खुर्चीवरून आपली सफारी खुर्ची तयार केली. छावणीतील सांध्याची युक्ती अशी युरोपातल्या घरांत पोचली.

वाहून नेण्याचे फर्निचर आपल्याला नवे नाही. तेरुमा या पाराशात मिश्कानमधील मेजाचे माप दिले आहे: लांबी दोन हात, रुंदी एक हात, उंची दीड हात. लाकूड बाभळीचे. त्याला कड्या लावायच्या आणि कड्यांतून दांडे घालायचे, कारण लोक रानातून चालले होते आणि मेज त्यांच्याबरोबर जायचे होते. जागा, लाकूड आणि गरज यांतून रूप ठरते, हा धडा तेथे आहे. हे काम करणाऱ्या कारागिराचे नाव बेझालेल. १९०६ साली बोरिस शात्झ यांनी यरुशलेममध्ये कलाशाळा काढली, तिलाही हेच नाव दिले. आज आपली मुले तेथे डिझाइन शिकू शकतात.

भारतात हाच विचार चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने मांडला. १९५८ साली भारत सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात त्यांनी साध्या लोट्याची थोरवी सांगितली. लोट्यात पाणी किती मावावे, तो हातात कसा बसावा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, असे प्रश्न त्यांनी काढले. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

आता तेच प्रश्न पाटाला विचारावेत. तो जमिनीपासून चार बोटे उंच का? कोकणात पावसाळ्यात सारवलेली जमीन ओल धरते. बसणाऱ्याला ती लागू नये म्हणून. खाली दोन पट्ट्या लाकडाच्या रेषांना आडव्या का? दमट हवेत फळी वाकते. पट्ट्या तिला सरळ धरून ठेवतात. त्याच पट्ट्यांमुळे खाली बोटे जातात आणि पाट सहज उचलता येतो. हलका का? जेवणे आटोपली की पाट भिंतीला लागत आणि त्याच खोलीत अंथरुणे पडत. एका फळीत हवामान, सुताराची अक्कल आणि लहान घराची व्यवस्था अशी तिन्ही सामावली आहेत.

म्हणून जुन्या वस्तूकडून शिकणे म्हणजे तिची नक्कल करणे नव्हे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आज पाटावर बसवणे हे काही शिकणे झाले नाही. पण तीच हलकी, उचलायला सोपी, ओल सोसणारी बैठक हातभर उंचीवर आणता येईल का, हा प्रश्न डिझाइनच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल.

यात घाई एवढ्यासाठीच की पाट मोजता येतो, पण त्याचे कारण लाकडावर लिहिलेले नसते. ते वापरणाऱ्याला माहीत असते. चौरंग कधी बाहेर निघे, फडताळाच्या वरच्या खणात काय असे, झोपाळ्याच्या कड्यांना तेल कोण घाली, हे सांगणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. मुलांनी वहीच्या एका पानावर वस्तूचे चित्र आणि मापे काढावीत. समोरच्या पानावर आजी-आजोबांनी सांगितलेले कारण, त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहावे. मग पाट ठेवायचा की द्यायचा, ते घरच्यांनी ठरवावे.