बांधण्याआधीचे बांधकाम

भिवंडीत ‘बीम’ म्हटले की यंत्रमागावरचा ताण्याचा रूळ डोळ्यांपुढे येतो. गवंड्याला त्याच शब्दाने काँक्रीटची तुळई आठवते. आज बोलायचे आहे ते ‘बिम’ तिसरेच. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरे. जे बांधायचे ते आधी संगणकात पुरतेपणी उभे करायचे आणि त्यातल्या प्रत्येक तुळईला, नळाला, खिडकीला तिची मापे, माल आणि किंमत जोडून ठेवायची, असा त्याचा अर्थ.

आता जुनी रीत पाहा. खोल्यांचा नकाशा वेगळा, सळयांचा वेगळा, नळांचा वेगळा, विजेचा वेगळा. चारही कागद आपापल्या जागी बरोबर असतात. पण त्यांची गाठ पडते ती थेट कामावर. सांडपाण्याचा नळ नेमका तुळईतून जातो, हे स्लॅब पडल्यावर कळते. मुकादम म्हणतो, “बघून घेऊ,” आणि छिन्नी-हातोडा निघतो. भोक पडते, एखादी सळईही तुटते. वर गिलावा बसला की ती दुबळी जागा कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

मॉडेल करणारा तज्ज्ञ हे चारही नकाशे एकात बसवतो. नळ-तुळईची टक्कर पडद्यावरच दिसते आणि काँक्रीट ओतण्याआधी नळाची वाट बदलता येते. विणकराला हे वेगळे सांगायला नको. ताण्यातली चूक माग सुरू होण्याआधी काढावी, कापड विणल्यावर नव्हे!

आपल्या राज्यात ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती नागपूरच्या मेट्रोत. २०१९ साली तिथे प्रवासी गाडी सुरू झाली. तिथल्या मॉडेलला पाच मिती होत्या: लांबी, रुंदी, उंची, शिवाय वेळ आणि खर्च. कोणता खांब केव्हा उभा राहायचा, त्याला माल किती लागायचा, हे आधीच मांडता येते. पूर्वी बिलाच्या वेळी मोजमापवहीवरून वाद पडत; आता हिशेब आधीच सर्वांसमोर असला, की वादाला जागा कमी उरते.

आणखी एक गोष्ट. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली. जवळजवळ चाळीस माणसे गेली. त्या दुर्घटनेची कारणे सांगण्याची ही जागा नव्हे. पण जुनी इमारत तपासायला जावे, तर भिंतीआड काय आहे याचा कागदच पुष्कळदा मिळत नाही. केलेला प्रत्येक बदल मॉडेलमध्ये नोंदवत गेले, तर पुढच्या पिढीला तो शोधावा लागणार नाही.

मात्र मॉडेल खरे किती? त्याला दिलेली मापे खरी असतील तितकेच. जमिनीखालचा जुना नळ कुठे आहे, हे कधी कधी गावातल्या म्हाताऱ्या प्लंबरलाच ठाऊक असते. पडद्यापुढच्या तरुणाने त्याला विचारले पाहिजे आणि त्यानेही बदल परस्पर न करता कळवला पाहिजे.

गावात शाळेची नवी खोली बांधताना संगणक नसेल, तरी यातला धडा घेता येतो. स्लॅब टाकण्याआधी गवंडी, नळवाला, वायरमन आणि गुरुजी यांनी एकदा एका नकाशाभोवती बसावे. तासाभराचे हे बसणे पुढची तोडफोड वाचवील.