इन्सुलिन, आजी आणि वॉर्डातल्या सिस्टर

गिरगावातल्या चाळीत एखाद्या लहान मुलाला मधुमेह झाल्याचं कळलं की बातमीच्या आधी निदान पसरतं. 'चॉकलेटं फार खायचा हो.' 'एकुलता एक, लाडावलेला.' कुणी आजीच्या बेसनलाडवांवर ठपका ठेवतं. आई तो आरोप निमूटपणे घेते, कारण तिलाही मनातून तसंच वाटत असतं.

वस्तुस्थिती अशी की लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा दिसतो तो टाइप १ मधुमेह. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. लाडवाचा, चॉकलेटचा, आईच्या लाडांचा याच्याशी संबंध नाही. घराण्यात कुणालाही मधुमेह नसताना तो होऊ शकतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालच्या अशा रुग्णांची संख्या सव्वादोन लाखांहून अधिक आहे, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त.

लक्षणं मात्र नजरेतून निसटतात. संडास गॅलरीच्या टोकाला असलेल्या घरात मूल रात्रीत तीन-चारदा उठतं, तेव्हा 'उकाडा आहे, पाणी जास्त पितो' असं म्हणून विषय संपतो. अंथरूण ओलं करणं कधीच थांबलेलं मूल पुन्हा करू लागतं. वजन उतरतं, ते 'उंच होतोय' म्हणून खपतं. मग एके दिवशी उलट्या, पोटदुखी, धाप. हा कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणं. आजाराचं नाव पहिल्यांदा अतिदक्षता विभागाच्या दारात ऐकणारी कुटुंबं कमी नाहीत.

तिथून पुढे मुंबई सेंट्रलचं नायर असो की परळचं १९२९ सालापासूनचं बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय, कुटुंबाची गाठ सर्वांत जास्त वेळा पडते ती सिस्टरशी. आणि इथे दुसरा गैरसमज असतो: सिस्टरचं काम म्हणजे सुई टोचणं. मोठ्यांच्या वॉर्डात तसं असेलही. या मुलांच्या बाबतीत सिस्टरचं खरं काम सुई आईबाबांच्या हातात देणं हे आहे. डॉक्टर डोस लिहून देतात, पण दिवसाला तीन-चार इंजेक्शनं आणि तितक्याच वेळा बोटाला टोचून साखर पाहणं, हे सगळं घरीच व्हायचं असतं. म्हणून अनुभवी सिस्टर आधी आईबाबांना स्वतःच्याच पोटावर कोरडी सुई टोचायला लावते. सुई किती बारीक आहे हे ऐकून पटत नाही, टोचून पटतं.

शिकवण्यात बारकावे असतात आणि त्यांतला एकही फुकटचा नाही. भारतात बाटलीतलं इन्सुलिन सर्रास मिळतं ते एका मिलिलिटरला ४० युनिटचं; त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. त्या मापाच्या सिरिंजची टोपी केशरी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर मुलाला १० नव्हे, २५ युनिट जातात. ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून सिस्टर बाटली आणि टोपी पुन्हा पुन्हा दाखवून घेते, बाबांनी कंटाळून 'कळलं हो' म्हटलं तरी.

दुसरा बारकावा सिस्टरच्या बोटांचा. मुलाला सवयीच्या जागी दुखत नाही, म्हणून ते रोज तिथेच टोचून घेतं. तिथे चरबीची गाठ धरते, इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि साखर वाटेल तशी वरखाली होते. घरात मग 'चोरून गोड खाल्लंस' म्हणून बिचाऱ्यावर आळ येतो. मांडीवरून, पोटावरून बोट फिरवून ती गाठ शोधणारी सिस्टर एका भांडणाचाही निकाल लावते.

फ्रिज नसेल तर इन्सुलिन टिकत नाही, हाही समज पुसायला हवा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी हे खरं. पण वापरात असलेली साधारण चार आठवडे घरच्या तापमानाला चालते, फक्त ते ३० अंशांच्या वर जायला नको. मे महिन्यात पाण्याने ओलं राखलेलं मातीचं मडकं उपयोगी पडतं. बाटली मात्र घट्ट बंद डब्यात. आणि बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र वेगळाच: 'एकदा इन्सुलिन लागलं की सवय लागते, त्यापेक्षा अमक्याचा काढा घ्या.' तो चिवट आहे कारण काही महिने तो खरा ठरल्यासारखा वाटतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर अनेक मुलांच्या उरल्यासुरल्या पेशी थोडा काळ पुन्हा काम करू लागतात, डोस बराच खाली येतो. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात. नेमकं याच काळात कुणीतरी कारल्याचा रस किंवा जांभूळबियांची पूड सुरू केलेली असते, आणि श्रेय तिला जातं. इन्सुलिन बंद होतं आणि मूल पुन्हा अतिदक्षता विभागात येतं. यावर नंतर वाद घालून उपयोग नसतो. जाणती सिस्टर डिस्चार्जच्या आधीच, शक्यतो आजीला समोर बसवून सांगते: 'आजी, पुढे डोस कमी होईल. बरा झाला म्हणून नाही. तुम्हीच लक्ष ठेवा, कुणी बंद करायला नको.' आजीला विरोधी पक्षातून सत्ताधारी पक्षात आणण्याची ही युक्ती मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. इन्सुलिनला पर्याय नाही, याला इतिहास साक्षी आहे: जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन मिळालं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून दिवस ढकलण्यापलीकडे कुणाच्याच हाती काही नव्हतं.

'आज ताप आहे, जेवला नाही, मग इन्सुलिन कशाला?' हा प्रश्न साधा वाटतो आणि सर्वांत धोक्याचा आहे. तापात शरीराची गरज अनेकदा वाढते. डोस किती ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं, पण इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नाही.

खाण्याचं म्हणाल तर १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत गणपती बसतो त्या गिरगावात मुलाला मोदकापासून तोडणं शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. मोदकाची उकड आणि सारण दोन्ही हिशेबात धरायचं, त्याप्रमाणे इन्सुलिन. गंमत अशी की मोदकाकडे डोळे वटारणारे उपवासाची साबुदाणा खिचडी बिनघोर वाढतात, आणि 'गूळ चालतो' हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. उलट साखर ७० च्या खाली गेली, मूल घामाघूम झालं, थरथरू लागलं, तर तेव्हा गोडच औषध: ग्लुकोजची पूड किंवा साखरेचं पाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बर्फी-चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून तडक रुग्णालय.

खेळ बंद करण्याचं कारण नाही. खेळण्याआधी साखर पाहावी, खिशात ग्लुकोज असावं. शाळा 'जबाबदारी नको' म्हणते तेव्हा पालकांनी दोन गोष्टी पुढे कराव्यात. सीबीएसईने २०१७ मध्येच अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ सोबत नेण्याची मुभा दिली. आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवलं की वर्गात साखर तपासणं, इन्सुलिन घेणं, मधल्या वेळी खाणं याला परवानगी असावी.

ब्रिटनमध्ये या कामासाठी खास प्रशिक्षित परिचारिका असतात. त्या मुलाच्या शाळेतही जातात. आपल्याकडे प्रत्येक रुग्णालयात असं स्वतंत्र पद नाही. बरेचदा वॉर्डातली सिस्टर भरलेल्या खाटा सांभाळून मधल्या वेळात हे शिकवते, आणि तिची बदली झाली की पालकांचा धागा तुटतो. असं पद होईपर्यंत पालकांनी घरी निघण्याआधी दोन गोष्टी मागून घ्याव्यात: सिस्टरसमोर स्वतः भरून दाखवलेली एक सिरिंज, आणि रात्री दोन वाजता साखर ५० दिसली तर फोन कुणाला करायचा तो नंबर, डिस्चार्ज कार्डावर लिहून.