हिमनदीच्या उदरातील छावणी

डोलोमाइट पर्वतराजीतील ३,३४३ मीटर उंचीच्या मार्मोलाडा शिखरावर, इटालियन तोफांच्या माऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून, ऑस्ट्रो-हंगेरियन लष्कराने १९१६ साली अभियंता लिओ हांडल याच्या देखरेखीखाली हिमनदीच्या पोटात सुमारे १२ किलोमीटर भुयारे खोदली आणि त्यांत लाकडी फळ्यांची शयनगृहे, मुदपाकखाना, दारूगोळ्याची कोठारे, फार काय, प्रार्थनामंदिरही वसविले. हिमनदी मात्र सरकणारी. आज खोदलेली वाट कालांतराने आक्रसे, आणि शिपायाच्या हाती बंदुकीइतकीच कुदळही राही.

खरा घात झाला तो बर्फाबाहेर. १३ डिसेंबर १९१६ च्या पहाटे ग्रान पोझ येथील लाकडी बराकींवर हिमलोट कोसळून अडीचशेहून अधिक शिपाई गाडले गेले. हा तळ हलवू द्यावा, असा तेथील कप्तानाचा अर्ज वरिष्ठांनी पूर्वीच नामंजूर केला होता.