उन्हाचं पेव

मे महिन्यात दुपारी गच्चीवर जाऊन सोलरच्या टाकीतून खाली येणारा पाइप हाताने चाचपून पाहा. चटका बसेल. काचेखाली काळा पत्रा, त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या आणि वर टाकी, एवढाच सरंजाम. पाणी तापलं की हलकं होतं आणि आपणहून टाकीत चढतं. पंप नाही, मोटर नाही. पण मे महिन्यात कढत पाणी हवंय कोणाला? हवं असतं ते जुलैत, सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही तेव्हा.

आपल्याकडे ही अडचण आंघोळीपुरती असते. उत्तरेकडच्या थंड देशांत ती जिवावरची होते. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सात-आठ तासांचा, ऊन तिरपं आणि फिकं, आणि नेमकं तेव्हाच अख्खं घर उबदार ठेवायचं असतं. जूनमध्ये सूर्य सोळा-सतरा तास तळपतो, तेव्हा कोणाला त्याची गरज नसते. धान्याच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी असाच प्रश्न पेव खणून सोडवला होता. सुगीत धान्य जमिनीच्या पोटात उतरवायचं, तोंड लिंपून घ्यायचं, आणि नडीच्या महिन्यांत उघडायचं. उन्हाचं असं पेव करता येईल का? येतं. माणसांनी ते केलंय, आणि त्याची हकिगत मला विलक्षण वाटते.

आधी थोडा हिशोब. हजार लिटर पाणी 50 अंशांनी तापवलं, तर त्यात साधारण 58 युनिट उष्णता साठते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असतं तेच. कडाक्याच्या थंडीच्या मुलखात एका घराला हिवाळाभरात दहा हजार युनिट सहज लागतात. म्हणजे हजार लिटरच्या पावणेदोनशे टाक्या, आणि त्यातलं पाणी जूनपासून फेब्रुवारीपर्यंत गरम राहायला हवं! अमेरिकेत एमआयटी या संस्थेत हॉइट हॉटेल यांनी 1939 मध्ये हे करून पाहिलं. दोन खोल्यांची छोटी इमारत, छपरावर सौर पत्रे, आणि खाली सुमारे 65 हजार लिटरची टाकी. उन्हाळ्याच्या उष्णतेवर हिवाळा निघाला. पण दोन खोल्यांसाठी एवढी टाकी बांधायची, तर खर्चाचा मेळ कसा बसणार?

मेळ बसवायला भूमितीच मदतीला येते. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा टाकीत एक घनमीटर पाणी मावतं आणि ते सहा चौरस मीटर पृष्ठभागातून उष्णता गमावतं. तीच टाकी दहा मीटरची केली की हजार घनमीटर पाणी मावतं, पण पृष्ठभाग होतो फक्त 600. प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला गळतीची जागा दहापटीने कमी येते. म्हणून एका घरापुरती साठवण परवडत नाही. वस्तीची केली तर जमतं.

कॅनडात अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स नावाचं गाव आहे. हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. तिथे 2007 मध्ये ड्रेक लँडिंग ही 52 घरांची वसाहत अशा साठवणीवर सुरू झाली. घरांमागच्या गॅरेजच्या छपरांवर सुमारे 800 सौर पत्रे ओळीने बसवले. त्यांतून फिरणारं, न गोठणारं द्रावण तापून एका केंद्रात यायचं, तिथल्या मोठ्या टाक्यांना उष्णता द्यायचं आणि पुन्हा छपरावर जायचं. दिवसभरात गोळा झालेली उष्णता मग टाक्यांतून सावकाश जमिनीत सोडली जायची.

खरी गंमत जमिनीत आहे. तिथे 144 बोअर घेतले होते, प्रत्येक सुमारे 35 मीटर खोल, आणि पाणी काढण्यासाठी एकही नाही. प्रत्येकात इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली प्लास्टिकची नळी, आणि वर उष्णतारोधक थर देऊन बाग केलेली. दोन बोअरमध्ये अंतर सव्वादोन मीटर. हे अंतर उगाच ठरलेलं नाही. मातीतून उष्णता फार संथ सरकते. दुप्पट अंतर कापायला तिला चौपट वेळ लागतो. दोन बोअरमधलं अर्धं अंतर ती ढोबळमानाने दोनेक आठवड्यांत पार करते, म्हणून उन्हाळाभरात सगळी माती तापते. पण या साठ्याचा घेर आरपार 35 मीटर. मध्यापासून कडेपर्यंत पोहोचायला तिला अनेक वर्षं लागतील, आणि हिवाळा तर चार महिन्यांवर आलेला असतो. जी माती आत उष्णता झटपट पसरवते, तीच तिला बाहेर जाऊ देत नाही. फरक फक्त अंतराचा!

पाण्याची वाटही विचारपूर्वक आखलेली. उन्हाळ्यात गरम पाणी आधी मधल्या बोअरमध्ये शिरायचं आणि थंड होत होत कडेकडे जायचं, त्यामुळे गाभा सर्वांत तप्त राहायचा. हिवाळ्यात प्रवाह उलटा: कडेने आत येऊन, तापत तापत, गाभ्यातून बाहेर. उन्हाळा संपताना गाभ्यातली माती 80 अंशांच्या घरात पोहोचायची. घरांत मात्र त्याहून बेताच्या तापमानाचं पाणी फिरवून हवा उबदार करत, कारण पाणी जितकं कमी तापलेलं चालेल, तितका साठा अधिक पुरतो.

पहिल्या वर्षी गरजेच्या निम्म्याहून थोडी जास्त उष्णता सूर्याकडून मिळाली, कारण आधी मातीलाच तापवायचं होतं. पाचव्या वर्षापर्यंत हे प्रमाण नव्वदीच्या पुढे गेलं. आणि 2015-16 च्या हिवाळ्यात शंभर टक्के! बाहेर बर्फ, आणि 52 घरं मागच्या उन्हाळ्याच्या उन्हावर उबदार.

हा प्रकल्प 2024 मध्ये बंद करायचं ठरलं आणि घरं नैसर्गिक वायूवर गेली, हेही सांगायला हवं. यंत्रणा जुनी झाली, गळू लागली, सुटे भाग मिळेनात. 52 घरांना तो भार पेलणारा नव्हता. मला याचं वाईट वाटतं, पण मातीने दगा दिला असं यातून सिद्ध होत नाही. छोट्या वसाहतीसाठी खास घडवलेली एकमेव यंत्रणा दुरुस्त करत राहणं कठीण, एवढंच.

स्वित्झर्लंडमधल्या योसेफ येनी यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी ओबरबुर्गला उभारलेल्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत 2 लाख 5 हजार लिटरची टाकी घराच्या मधोमध, मजल्यांमधून आरपार उभी आहे. तिच्यातून गळणारी उष्णताही शेवटी खोल्यांतच येते.

डेन्मार्कने आकाराचा तोच नियम टोकाला नेला. वोयेन्स गावाबाहेरच्या खड्ड्यात दोन लाख घनमीटर, म्हणजे 20 कोटी लिटर पाणी मावतं, आणि शेजारी 70 हजार चौरस मीटरचे सौर पत्रे आहेत. या पाण्यातली ऊब गावातल्या नळांतून घराघरांत पोहोचते. जवळपास निम्मी गरज सूर्य भागवतो. टाकी बांधलेलीच नाही. खड्डा खणला, निघालेल्या मातीचा चहूकडे बांध घातला, आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरला आणि पाणी भरलं. अवघड काम झाकणाचं. ते पाण्यावर तरंगतं, उष्णता आत धरून ठेवतं, आणि त्यावर पडणाऱ्या पावसाचं पाणी उपसून काढावं लागतं. झाकण भिजलं तर त्याची रोधक शक्ती जाते, म्हणून त्याला जपावं लागतं.