बोंबलाला वर्क फ्रॉम होम नसतं!

वादळाचा इशारा आला की आपल्याला काय मिळतं? एचआरचा मेल : आज घरूनच काम करा. मग गॅलरीतून समुद्राचे दोन फोटो, सोबत गरमागरम कांदाभजी. पगार? तो पूर्ण!

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात एका मावशींकडून त्याच इशाऱ्याचा दुसरा अर्थ कळला. इशारा म्हणजे होड्या माघारी. जाळलेलं डिझेल, भरलेला बर्फ, खलाशांचं जेवण, सगळं नाखव्याच्या बोकांडी. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असतेच. कमाई उरलेल्या महिन्यांतली. आणि अरबी समुद्रातली वादळं येतात ती नेमकी पावसाच्या आगेमागे. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार', पाठोपाठ 'महा'. जून २०२० मध्ये 'निसर्ग', मे २०२१ मध्ये 'तौक्ते'. हा समुद्र तापतोय, असं शास्त्रज्ञ सांगतात. कोळीवाड्याला ते सांगावं लागत नाही.

पण माझा जीव अडकला तो वलांडीवर. वलांडी म्हणजे बांबू नि दोऱ्यांची उंच चौकट. तिच्यावर बोंबील जोडीजोडीने टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. (हेच महाशय पबमध्ये 'बॉम्बे डक' होऊन भेटतात.) दोन-तीन दिवस कडक ऊन मिळालं तर वर्षभराचा सुका बाजार. मध्येच सर आली की माल गेला. १ डिसेंबर २०२१ ला मुंबईत भर हिवाळ्यात दिवसभर पाऊस पडला होता, आठवतंय? आपण स्वेटरवर छत्री घेऊन मिरवलो होतो.

आता मावशी आधी मोबाइलवर हवामान बघतात, मग बोंबील टांगतात. ढग दिसले तर ओलेच विकून मोकळ्या. भाव पडतो, पण माल कुजत नाही.

सरकारी मदतीत मोजली जाते फुटलेली होडी आणि फाटलेलं जाळं. मावशींकडे दोन्ही नाही. त्या बंदरावर मासळी घेतात, सुकवतात, विकतात. भिजलेल्या बोंबलाचा पंचनामा करणार तरी कशाचा, वासाचा? एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा द्यायचं ठरवलं. झकास! मग शेतात भिजलेल्या पिकासारखा वलांडीवरच्या बोंबलाचाही पंचनामा व्हायला हवा. आणि तो मावशींच्या नावावर, नाखव्याच्या नव्हे.