बारा व्होल्टचं दशक

मोटारीच्या डॅशबोर्डवरचा बारा व्होल्टचा गोल सॉकेट नव्या मॉडेलांतून हळूहळू गायब होतो आहे. आम्ही नुकत्याच घेतलेल्या गाडीत तो नाही. त्या जागी टाइप-सीचे दोन पोर्ट आहेत. त्यांवर फोन चार्ज होतो, लॅपटॉप नाही. किती वॅट मिळतात, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही आणि गाडीच्या पुस्तिकेतही तो आकडा नाही. मला हे फार लागलं. माझी बातमीदारीची उमेदीची वर्षं त्या सॉकेटच्या जोरावर निघाली आहेत.

हा सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्यासाठी होता; त्या जमान्याशी मला कर्तव्य नाही. १९५०च्या दशकात मोटारी सहा व्होल्टवरून बारावर आल्या, पुढे लायटर गेला, सॉकेट राहिला. माझा काळ २००५ ते २०१४.

दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, विजेची मागणी वाढत होती आणि भारनियमनाचा मोठा भार खेड्यांवर टाकला जात होता. २००६च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पॅकेज जाहीर झालं. आम्ही यवतमाळच्या गावांतून फिरत होतो. नवऱ्याने जीव दिलेल्या बाईशी बोलून बाहेर यावं, तर तालुक्यापर्यंत कुठेच लाइट नाही आणि लॅपटॉप दीड-दोन तासांत मान टाकणारा. बातमी वेळेत गेली नाही, तर त्या बाईचं म्हणणं दुसऱ्या दिवशी छापून येत नसे. सुमोच्या मागच्या सीटवर इन्व्हर्टर लावून लिहिलेला मजकूर म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

लॅपटॉपला हवेत एकोणीस-वीस व्होल्ट, गाडी देते बारा; इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. इन्व्हर्टर त्याचे २३० करी, अडॅप्टर ते पुन्हा एकोणिसावर आणी, आणि दोन्हीकडे वीज उष्णता होऊन वाया जाई. ६५ वॅटचा लॅपटॉप बॅटरीतून सहा-सात अँपिअर ओढायचा. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. इंजिन बंद ठेवून दोन-अडीच तास काम केलं की ती अर्धी उतरे आणि सेल्फ मारताना गाडी कण्हू लागे. त्यामुळे ड्रायव्हर इंजिन चालू ठेवायचे, डिझेलचा हिशेब आमच्या बिलात यायचा आणि ऑफिसचे लेखनिक त्यावर लाल रेघ मारायचे. ‘लॅपटॉप दिलाय ना?’ असं विचारणाऱ्या त्या माणसांना मी अजून माफ केलेलं नाही. पेटीवर दीडशे वॅट छापून साठ वॅटलाच कापणारे इन्व्हर्टर विकणाऱ्यांनाही नाही. मधल्या बारीक पिनवरून अडॅप्टर ओळखून, आपला नसेल तर बॅटरी चार्जच न करणारे लॅपटॉप काढणाऱ्यांना तर मुळीच नाही.

या सगळ्यांतून आम्हाला सोडवलं एसटी स्टँडाबाहेरच्या ऑटो-इलेक्ट्रिशियननी. टेस्ट लॅम्प लावून ते फ्यूज शोधत, जाड वायर थेट बॅटरीवरून ओढत, मध्ये वेगळा फ्यूज टाकत आणि बजावत, ‘साहेब, गाडी चालू करताना पिन काढत जा.’ सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं आणि मग उसळतं, हे पुस्तकाआधी मी त्यांच्याकडून शिकलो. आता डॅशबोर्डमागे संगणकाच्या तारा आहेत. त्यांना हात लावला तर वॉरंटी जाते.

टाइप-सी २०१४ मध्ये आलं, तेव्हा मी मनापासून आनंदलो होतो. वीस व्होल्ट, पाच अँपिअर, म्हणजे शंभर वॅट. २०२१च्या मानकात तर २४०. चार्जरची भांडणं मिटतील असं वाटलं आणि बऱ्याच अंशी ती मिटलीही. युरोपीय संघाने एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही हेच भोक सक्तीचं केलं. पण मोटार कंपन्यांनी भोक घेतलं, ताकद घेतली नाही. गोल सॉकेट असता तर बाजारातला ६५ वॅटचा कार-चार्जर खोचून काम झालं असतं. तो काढल्यावर ती वाटही बंद. काही महागड्या विजेवरच्या गाड्या आता साडेतीन किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देतात. ती सोय चांगलीच आहे, पण दुष्काळी तालुक्यात पंचनाम्याला जाणारा तलाठी किंवा तिथला बातमीदार त्या गाडीत बसलेला मला अजून दिसलेला नाही.