उष्णताघात प्रथिने

नेहमीच्या तापमानापेक्षा काही अंशांनी अधिक तापमानात सापडलेल्या कोशिकेत (पेशीत) अल्पावधीत मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या व तिच्यातील इतर प्रथिनांचे रक्षण करणाऱ्या प्रथिनांचा समूह. सूक्ष्मजंतूंपासून मानवापर्यंत बहुतेक सर्व सजीवांत ती आढळतात. कडक उन्हामुळे माणसाला होणारा उष्माघात हा विकार निराळा असून येथे अभिप्रेत असलेला आघात एकेका कोशिकेवरील आहे.

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची विशिष्ट प्रकारे घडी पडलेली साखळी होय. घडी टिकवून धरणारे बंध दुर्बल असतात. तापमान वाढले की, ते सुटतात आणि आत दडलेले जलद्वेषी भाग उघडे पडून शेजारच्या रेणूंना चिकटतात. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर घट्ट होतो तो याच कारणाने. कोशिकेचे नुकसान होण्यास मात्र इतके उच्च तापमान लागत नाही. सस्तन प्राण्यांच्या कोशिकांना ४२°–४३° से. तापमानही घातक ठरू लागते. प्रथिनाची घडी त्याच्या ॲमिनो अम्लांच्या क्रमानेच ठरते, हे क्रिस्टियन ॲन्फिन्सन यांनी दाखविले व त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यांचे प्रयोग परीक्षानळीतील विरल विद्रावात झाले होते. कोशिकेच्या आत रेणूंची एवढी दाटी असते की, सुटलेली साखळी पूर्ववत होण्यापूर्वीच गुठळीत अडकण्याचा संभव असतो.

या प्रथिनांचा शोध एका चुकीतून लागला. नेपल्स येथे फेरूच्चो रितोस्सा हे फळमाशीच्या (ड्रॉसोफिला) डिंभांच्या लाळ ग्रंथींतील महागुणसूत्रांचा अभ्यास करीत असता एका सहकाऱ्याकडून उबवणपेटीचे तापमान वाढविले गेले. तेव्हा गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी नवे फुगवटे आलेले दिसले. फुगवटा हे तेथील जीन कार्यरत झाल्याचे लक्षण असते. डायनायट्रोफिनॉल व सोडियम सॅलिसिलेट यांनीही तेच फुगवटे आले. त्यास जीववैज्ञानिक महत्त्व नाही असे म्हणून एका नियतकालिकाने हा निबंध नाकारला; १९६२ मध्ये तो अन्यत्र प्रसिद्ध झाला. पुढे १९७४ मध्ये ए. टिसिएर, एच. के. मिचेल व यू. एम. ट्रेसी यांनी या जीनांपासून बनणारी प्रथिने दाखविली. किलोडाल्टनमधील अंदाजी रेणुभारावरून त्यांना एचएसपी ७०, एचएसपी ९० अशी नावे पडली आहेत.

नियंत्रणाची तऱ्हा लक्षणीय आहे. दृश्यकेंद्रकी कोशिकांत एचएसएफ १ हे नियंत्रक प्रथिन एरवी एचएसपी ७० व एचएसपी ९० यांनी धरून ठेवलेले असते. घडी बिघडलेली प्रथिने वाढली की, ही रक्षक प्रथिने तिकडे गुंततात. मोकळे झालेले नियंत्रक तीनतीनांच्या गटाने डीएनएला जोडले जाते व संबंधित जीन कार्यान्वित होतात. पुरेशी रक्षक प्रथिने बनल्यावर ती नियंत्रकास पुन्हा धरतात. म्हणजे कोशिका तापमान प्रत्यक्ष मोजत नसून मुख्यतः प्रथिनांची हानी मोजते. म्हणूनच जड धातू, मद्यार्क इत्यादींनीही हीच प्रतिक्रिया उद्दीपित होते.

एचएसपी ७० साखळीच्या उघड्या जलद्वेषी भागाला धरते आणि एटीपीच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या साह्याने तिला आलटून पालटून धरते व सोडते. एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूतील ‘ग्रोईएल’ची रचना याहून वेगळी आहे. सात-सात घटकांची दोन कडी एकावर एक बसून पोकळ पिंप होते; त्यावर ‘ग्रोईएस’चे झाकण बसते व आतील साखळीला काही सेकंद एकांतात घडी घालण्यास अवसर मिळतो. लहान रेणुभाराची प्रथिने केवळ गुठळी होऊ देत नाहीत. डोळ्याच्या भिंगातील आल्फा क्रिस्टलिन हे त्यांपैकीच होय. भिंगातील जुने तंतू बदलले जात नसल्यामुळे त्याचा साठा वयोमानानुसार खर्ची पडतो आणि मोतीबिंदू होण्याचे ते एक कारण ठरते.

सौम्य उष्णता सोसलेली कोशिका पुढील तीव्र उष्णतेत तग धरते. २५° से.ला वाढविलेले यीस्ट काही काळ ३७° से.ला ठेवल्यास नंतर ५०° से.लाही त्यातील पुष्कळ कोशिका जगतात. त्यासाठी झालेल्या गुठळ्या उलगडणारे एचएसपी १०४ आवश्यक असल्याचे १९९० मध्ये दिसून आले. वनस्पतींतही या कुलातील प्रथिन आहे. जागा सोडून जाता न येणाऱ्या सजीवास त्याची गरज उघड आहे.

हे संरक्षण रोगट कोशिकांनाही मिळते. कर्ककोशिकांतील अनेक सदोष प्रथिने एचएसपी ९० च्या आधाराने टिकतात. म्हणून त्याला रोधक अशा औषधांवर संशोधन झाले व त्यांपैकी पिमिटेस्पिब हे औषध २०२२ मध्ये जपानमध्ये मान्य झाले.

ही प्रतिक्रिया सार्वत्रिक मानली जात असली, तरी तिला अपवाद आहेत. अंटार्क्टिक समुद्रात सु. −१.९° से. इतक्या जवळजवळ स्थिर तापमानात राहणाऱ्या ट्रेमॅटोमस बर्नाची या माशात एचएसपी ७० सतत असते. परंतु उष्णता दिल्यास त्याचे प्रमाण वाढत नाही, असे २००० मध्ये आढळले. तापमानात चढउतारच नसलेल्या परिस्थितीत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे ही क्षमता लोपली असावी. समुद्राचे पाणी तापू लागल्यास अशा जातींजवळ हा बचाव उरलेला नाही.